पहिलं नको

"आई, त्याला खरं सांगू की गप्प बसू?"

माझ्या हातातली कैरी किसणीवरच थांबली. लेकीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली आहे. दुपारभर ती पंख्याखाली फरशीवर लोळत असते. या वयाची मुलगी 'त्याला' म्हणाली की कुठलीही आई कान टवकारते, तसे मीही टवकारले. "कोणाला गं?" मी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं. तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यात निळ्या केसांचा एक मुलगा छत्री धरून उभा होता आणि त्याच्या छातीवर दोन चौकटी होत्या. एकीत 'खरं सांग', दुसरीत 'काही बोलू नकोस'. मुलगा पापण्या मिटत उघडत माझ्या लेकीच्या उत्तराची वाट बघत होता.

"असले खेळ अजून निघतात?" मी म्हटलं.

"असले म्हणजे कसले?"

असले म्हणजे कसले हे तिला सांगायला बसले आणि कैरी तशीच काळी पडत गेली. ज्यात धावायचं नसतं, कोणाला मारायचं नसतं, गाडी पळवायची नसते, ते खेळ. चित्रं बघायची, गोष्ट वाचत जायची, आणि ऐन रंगात आलं की गोष्ट थांबते आणि तुम्हाला विचारते, बोला, आता काय करायचं? पुस्तकातली नायिका आपलं ऐकत नाही. ही ऐकते. निदान ऐकते असं भासवते. मला वाटत होतं की हे प्रकरण माझ्या दहावीच्या उन्हाळ्याबरोबर संपलं. पण परीक्षेनंतरचा उन्हाळा दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात येतोच, आणि यंदा तो माझ्या घरात आला आहे.

दोन हजार सालानंतरची ती पहिलीच वर्षं. आम्ही वसईला, गावाकडून गिरीजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका इमारतीत राहत होतो. गच्चीवर गेलं की एका बाजूला केळीच्या बागा आणि माडाचे शेंडे दिसायचे, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सळ्या वर काढलेले खांब. वारा फिरला की पाचूबंदरला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि साताऱ्याकडची माझी आई नाकाला पदर लावून म्हणायची, "आले बाई पाहुणे." पुढे पुढे तो वास आला नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं, हा भाग निराळा.

मार्चमध्ये पेपर संपले की जूनमध्ये निकाल लागेपर्यंत माणसाला कोणी काही विचारत नाही. अभ्यास कर म्हणत नाहीत आणि पुढे काय हेही नाही, कारण पुढचं सगळं टक्क्यांवर. त्या मोकळ्या महिन्यांत मी निकालाची वाट बघत होते. आणि आई वाट बघत होती सिस्टर फ्लोराची.

सिस्टर फ्लोरा म्हणजे आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळच्या मंगळूरकडच्या. मराठी त्या इथे येऊन शिकल्या होत्या आणि एकेक शब्द ठेवून ठेवून बोलायच्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकाचा पडदा रंगवायला कोणी मिळेना, तेव्हा मी आईचं नाव सांगितलं होतं. लग्नाआधी आईने आर्ट टीचरचा कोर्स केला होता. त्याचं प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या खाली होतं आणि ते शिक्षण संक्रांतीच्या रांगोळीत आणि गणपतीच्या मखरात खर्च होत होतं. आईने पडद्यावर वसईचा किल्ला काढला, त्याच्या भिंतीतून उगवलेल्या पिंपळासकट. सिस्टरनी तो नाटक संपेपर्यंत बघितला. मग पेपर संपल्याच्या दिवशी आई मला न्यायला आली होती, तेव्हा त्यांनी तिला व्हरांड्यातच गाठलं. "मिसेस जगताप, जूनपासून आमच्याकडे ड्रॉइंग शिकवाल?"

आई म्हणाली, "नको हो सिस्टर. मला कुठलं जमतंय!"

"ओके," सिस्टर म्हणाल्या. "नो प्रॉब्लेम." आणि त्या गेल्या.

मी शेजारीच उभी होते. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने सुट्टे पैसे परत घ्यायला हात पुढे करावा आणि दुकानदाराने पाठ फिरवावी तेव्हा बघितलं आहे. आमच्याकडे चहाला 'हो' म्हणायचं तरी आधी एकदा 'नको' म्हणतात. लाडू दुसऱ्यांदा पुढे आल्यावर 'अर्धा' म्हणायचं, तिसऱ्यांदा गुपचूप घ्यायचा. पहिलं नको हे नाही नसतंच. तो नुसता दरवाजाचा उंबरा. समोरच्याने तो ओलांडून पुन्हा विचारायचं असतं. आईने उंबरा ठेवला आणि सिस्टर तिथूनच मागे वळल्या.

पण विचारतील, असं आईने ठरवलं होतं. एप्रिलभर आमच्या फोनची घंटा वाजली की ती आधी पदराला हात पुसायची.

अशात ग्लेन्डाने त्या खेळाची सीडी आणली. ग्लेन्डा माझी वर्गातली मैत्रीण, गिरीजची. तिच्या घरी केळीची वाडी होती आणि तिच्या कुठल्याशा आखातातल्या मामाने पाठवलेल्या सीड्यांचा ढीग होता. आमच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आला होता. बाबांनी तो 'शुभाच्या कोर्ससाठी', म्हणजे माझ्यासाठी, घेतला होता आणि आईने त्याला जुन्या पैठणीच्या काठाचं झाकण शिवलं होतं, देवघराच्या पडद्यासारखंच. ग्लेन्डाने सीडी दिली आणि जाता जाता एक बातमीही दिली. "सिस्टर ड्रॉइंगला टीचर शोधतायत. चर्चच्या बोर्डावर कागद लावलाय. जून लागायच्या आत पाहिजे म्हणे."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं झालं. कोणीतरी चांगलं मिळेल त्यांना." त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

त्या खेळाचं नाव आता आठवत नाही, कारण ते सीडीवर मार्करने लिहिलं होतं आणि पुसत चाललं होतं. हाना नावाची एक मुलगी उन्हाळ्यापुरती एका छोट्या बंदरावर राहायला येते, एवढी गोष्ट. रोज सकाळी गावाचा नकाशा यायचा. धक्क्यावर जायचं, टपालात जायचं की आजीबाईंच्या खाणावळीत हात लावू लागायचं, ते आपण ठरवायचं. संध्याकाळी कोणीतरी भेटायचं, बोलायचं आणि मध्येच चौकटी यायच्या. इंग्रजी फारच बोबडं होतं. 'माझे हृदय आज थोडे पाऊस आहे' असलं काहीतरी हाना म्हणायची. मी ते मोठ्याने वाचायचे आणि मराठीत सांगायचे, कारण आई शेजारी गवार मोडत बसलेली असायची आणि तिला ऐकू यावं असं मला वाटायचं. आधी ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं." मग म्हणाली, "ही आजीबाई बरी दिसते." मग गवारीचं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "थांब, थांब, तसं नको बोलूस तिला. वरचं दाब."

त्या दिवसापासून हाना आमची झाली. आई तिचं नाव घ्यायची नाही, 'आपली' म्हणायची. आपली आज कुठे गेली, आपली जेवली का. होडीवाल्या मुलाचे केस डोळ्यांवर यायचे, त्याचा तिला मनापासून राग. "त्याला आधी केस कापायला सांग." मी म्हणायचे, यात तसं लिहिलेलं नाही, यात फक्त 'समुद्र सुंदर आहे' किंवा 'मला घरी जायचे आहे' एवढंच आहे. "मग काय उपयोग? जे बोलायचं ते नाहीच यात!"

या खेळांची खरी तक्रार आईने पहिल्याच आठवड्यात अशी एका वाक्यात सांगून टाकली. तीन चौकटी देतात आणि मनात असतं ते चौथ्यात. 'मी मदत करते' असं प्रेमाने दाबावं तर आपली फणकाऱ्याने बोलून मोकळी. कधी दोन्ही उत्तरांनी एकच होतं. आपण डोकं खाजवून निवड करावी आणि गोष्टीने आपल्याच वाटेने चालू लागावं, मग विचारलंस कशाला बाई? आणि कधी याच्या उलट. चार दिवसांपूर्वी टपालात गेलो नाही म्हणून आज कोणीतरी रुसून बसलेलं. आतल्या आत कोण किती गुण देतंय, कोण कापतंय, ते कळू द्यायचं नाही. आई म्हणायची, अगदी सासर आहे.

वर आमचं लोडशेडिंग. वीज कधी जाणार हे पेपरात छापून यायचं आणि त्यावर विसंबलेल्यांची फजिती व्हायची. हाना नेमकं कोणाचं मन जिंकण्याच्या बेतात असताना पंखा मंदावायचा, पडदा काळा, आणि कुठल्यातरी मजल्यावरून "गेऽऽली" असा एक सुस्कारा. मी जिथे खूण करून ठेवली असेल तिथून पुन्हा सुरुवात. खूण करायला मी हटकून विसरायचे. मग तेच गाव, तेच नमस्कार, तीच 'माझे हृदय पाऊस आहे'. वैताग यायचा. तरीही दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली की आईच झाकण काढायची, नीट घडी घालून ठेवायची आणि म्हणायची, "बघू या, आपली काय करते ते."

का आवडायचा तो खेळ आईला? तेव्हा वाटायचं, गोष्ट आहे म्हणून. आता वाटतं, त्या चौकटींसाठी. त्या आल्या की सगळं थांबायचं. समुद्राची लाट अर्ध्यात थांबलेली, आजीबाईंच्या हातातला वाडगा हवेत, आणि अख्खं गाव माझ्या आईच्या उत्तरासाठी खोळंबलेलं. आमच्या घरात आईला कोणी काही विचारत नव्हतं अशातला भाग नाही. माझे मोजे कुठे, चावी कुठे, चहा झाला का, दिवसभर विचारत होतो. पण तुला काय हवंय असं विचारून, उत्तर येईपर्यंत कामधाम सोडून उभं राहणारं माणूस तिने फारसं पाहिलं नसावं. ते तिला त्या खोक्यात भेटलं. गिरीजच्या चर्चची संध्याकाळची घंटा ऐकू आली की ती उठायची, दिवा लावायची, पण उठता उठता सांगून जायची, "त्याला थांबव गं. मी आल्यावर ठरवू."

सकाळी मात्र ती वेगळीच बाई असायची. पाचूबंदरची मार्थामावशी टोपली घेऊन इमारतीखाली यायची. आई मासे खायला शिकली ती लग्नानंतर. घासाघीस मात्र माहेरून शिकून आली होती. मावशी भाव सांगायची. आई म्हणायची, "नको." नुसतं म्हणायची नाही, जिन्याकडे चालू लागायची. ही चाल तिची फार सुंदर होती. पाठ ताठ, पावलं हळू, मागून हाक आली तर ऐकू यावी इतपतच. आणि हाक यायचीच.

"ए बाय! ये ग माघारी. उन्हानं पानी झालं माझ्या अंगाचं, आनि तू नको म्हनतेस? कोनाला देऊ हे आता?"

"मग नीट भाव सांग ना मावशी."

"सांगते. बस आधी."

दोघी खाली बसायच्या, पापलेटाचे कल्ले उघडून बघायच्या, एकमेकींच्या लेकरांची चौकशी व्हायची आणि सौदा व्हायचा. आईच्या नकोला मागून अशी हाक असायचीच. नळ गेला तरी चालेल, पण ही हाक जाणार नाही अशी तिची पक्की समजूत होती.

मे महिना कलायला लागला तशी खेळातही दिव्यांची रात्र आली. त्या गावात उन्हाळ्याच्या शेवटी लोक कागदाचे दिवे पाण्यात सोडत आणि ज्याच्या घरी त्या रात्री जेवत, त्या घरचेच होऊन जात. ही माहिती आम्हाला टपालवालीने आधीच दिली होती. म्हणजे खरी मेख तिथे होती. हाना जेवली तर गावात राहणार, नाहीतर होडीत बसून परत. आईने इतके दिवस तिला खाणावळीत भांडी घासायला पाठवलं होतं ते याच रात्रीसाठी. आजीबाई दारात आल्या. मागे पिवळा उजेड, आत कोणीतरी हसतंय. आजीबाई म्हणाल्या, "आज आमच्याबरोबर जेवशील?"

तीन चौकटी. 'हो, मला आवडेल.' 'नको, तुम्हाला त्रास कशाला.' आणि तिसरी, 'काही न बोलता खाली बघ.'

"दुसरं," आई एका क्षणात म्हणाली.

"आई, 'हो' म्हणू या ना."

"लगेच हो म्हणायला आपण काय उपाशी आहोत? म्हण नको. ती आग्रह करेल, मग जाऊ."

मला तरी कुठे वेगळं वाटत होतं? मीही त्याच आईची. दाबलं.

आजीबाई वाकल्या. "समजले. शुभ रात्री." दार लागलं. पिवळा उजेड गेला. मग होडी दिसली, होडीत पाठमोरी हाना, आणि तिच्यावरून खालून वर जाणारी नावं.

"पुढे दाब ना," आई म्हणाली.

"पुढे काही नाही. संपलं."

"असं कसं संपेल? तिने परत विचारलंच नाही!"

"नाही विचारत, आई. यात एकदाच विचारतात."

"अगं, पण आपलीने इतके दिवस भांडी घासली तिच्याकडे! एकदा नको म्हटलं म्हणून कोणी असं तोंडावर दार लावतं?" आईचा आवाज चढला होता. ती त्या पडद्याशी भांडत होती, पडद्यावर नावं सरकत होती, आणि मला हसू येत होतं. मग झाकणाचा पैठणी काठ बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसली. शेवटी तिने विचारलं, "सिस्टरनाही असंच वाटलं असेल का गं? की मी खरंच नको म्हणाले?"

मला हसू आवरावं लागलं नाही, ते आपोआप गेलं.

रात्री जेवताना तिने बाबांपुढे विषय काढला. बाबा मनाने चांगले, पण मानापमानाच्या बाबतीत अगदी टोकाचे. ते म्हणाले, "त्यांना गरज असेल तर येतील परत. आपण कशाला तोंड वेंगाडत जायचं? तू नको म्हणालीस, आता हो म्हणायला गेलीस तर काय किंमत राहिली?" आईने त्यांना आमटी वाढली. ते नको नको म्हणत होते, तरी वाढली. त्यांनी ती खाल्ली. आई त्यांच्या वाटीकडे बघत होती, हे मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आपलीला परत त्या दाराशी ने."

नेणं सोपं नव्हतं. माझी खूण नेहमीप्रमाणे जुनी होती. अर्धा उन्हाळा पुन्हा काढावा लागला. पुन्हा भांडी, पुन्हा टपाल, पुन्हा होडीवाल्याचे केस. वीज कधीही जाईल म्हणून मी भराभर दाबत होते आणि आई "अगं वाचू तर दे" म्हणत होती, पाठ झालेली वाक्यं. अखेर दार आलं. उजेड आला. आजीबाई म्हणाल्या, "आज आमच्याबरोबर जेवशील?"

"पहिलं," आई म्हणाली. मग तोंडाला पदर लावून, "शी! मला हावरटासारखं वाटतंय गं."

मी 'हो' दाबलं. आजीबाई हसल्या. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "बरे झाले. तुझे ताट मांडूनच ठेवले होते."

"म्हणजे ताट होतंच!" आई म्हणाली.

आणि वीज गेली. इमारतीतून तो सुस्कारा आला. खिडकीतून आलेल्या उन्हात काळ्या पडद्यावर आम्ही दोघीच दिसत होतो, आई नि मी. खूण केलेली नव्हती. आई उठली, तिने झाकण घातलं आणि म्हणाली, "उद्या शाळेत जायचंय माझ्याबरोबर. ग्लेन्डाकडून चांगली सुकेळी मिळतील का विचार."

सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी. वसईकर कोणाकडे महत्त्वाच्या कामाला गेले की ती घेऊन जातात. ग्लेन्डाच्या आईने दिलेला जुडगा आईने पिशवीत घातला आणि आम्ही निघालो. वाटेत ती आपल्याशीच पुटपुटत होती. आधी सुकेळी द्यायची, सिस्टर नको म्हणतील, मग आग्रह करायचा, त्या पुन्हा नको म्हणतील, त्या बोलण्याबोलण्यात विषय काढायचा. सगळं नीट बसवलं होतं तिने.

शाळा सुट्टीने रिकामी होती. सिस्टर फ्लोरा बाहेर क्रोटनच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. आईने सुकेळी पुढे केली. "सिस्टर, थोडंसं..."

"ओह, थँक यू!" सिस्टरनी पिशवी घेतली आणि बाकावर ठेवली. झालं! आईचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच संपलं. ती रिकामे हात घेऊन तशीच उभी राहिली. सिस्टर तिच्याकडे बघत थांबल्या. पाण्याचा झारा हातात तसाच, त्यातून थेंब पडतायत. आणि मला एकदम वाटलं, चौकटी आल्या.

"सिस्टर," आई म्हणाली, "ते मी मागे नको म्हटलं होतं ना..."

"हो. तुम्ही नाही म्हणालात."

"नाही म्हटलं नव्हतं हो. नको म्हटलं होतं. ते पहिलं नको होतं."

सिस्टरनी झारा खाली ठेवला. "पहिलं? म्हणजे अजून आहेत?"

"आमच्यात असतात," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पण आता नाहीत. मला शिकवायचंय, सिस्टर. मला फार शिकवायचंय."

आईला मी इतकं उघड काही मागताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं. मी कुंडीतली पानं बघत राहिले. सिस्टरना मात्र वाईट वाटलेलं दिसलं. हायस्कूलच्या जागेसाठी त्यांनी नालासोपाऱ्याच्या एका बाईंना कालच शब्द दिला होता. "तुम्ही मला तेव्हाच सांगितलं असतं तर," त्या म्हणाल्या. त्यांनी ते सरळ सांगितलं, त्या सगळं सरळच सांगायच्या. आईने मान हलवली. पिशवीचे बंद हातात असते तर तिने ते पिळले असते, पण पिशवीही गेली होती.

मग सिस्टर म्हणाल्या, "बालवाडीला कोणी नाही. लहान मुलं आहेत, सगळीकडे रंग लावतात. पगार पण कमी. ते घ्याल?"

"हो," आई म्हणाली.

प्रश्नाचं शेवटचं अक्षर अजून हवेत होतं. सिस्टरच गडबडल्या. "घरी विचारून सांगितलं तरी चालेल."

"नको," आई म्हणाली, आणि घाईने पुढे, "म्हणजे हे खरं नको."

बाबा दोन दिवस घुम्यासारखे वागले. मग शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ते कामावरून येताना खडूंच्या पेट्या आणि जाड ब्रश घेऊन आले आणि टेबलावर ठेवून हातपाय धुवायला गेले. माझा निकाल लागला, बरा लागला, मी कॉलेजात गेले. ग्लेन्डाने सीडी परत नेली. दिव्यांच्या रात्री आजीबाईंच्या घरात काय शिजलं होतं, हाना तिथे राहिली की कंटाळून परत गेली, ते आम्ही कधीच पाहिलं नाही. आईने एकदाही विचारलं नाही. तिला वेळ नव्हता. तिच्या साड्यांच्या निऱ्यांवर रोज निरनिराळ्या रंगांचे छोटे छोटे पंजे उमटलेले असायचे आणि ती ते धुवायच्या आधी आम्हाला दाखवायची.

हे सगळं मी लेकीला सांगितलं तेव्हा निळ्या केसांचा मुलगा अजून छत्री धरून उभा होता. लेक म्हणाली, "पण आई, आता आधीच्या कुठल्याही पानावर परत जाता येतं. चुकलं तर चुकलं." खरं आहे. म्हणूनच या खेळांवर माझा जीव आहे आणि म्हणूनच ते मला थोडे फसवे वाटतात. तिथे दार लागलं तर पुन्हा उघडतं, तेच ताट, तोच उजेड. आईला हायस्कूलची ती जागा पुन्हा मिळाली नाही. मिळालं ते वेगळं ताट होतं, आणि ते तिने पोटभर खाल्लं. पण त्या बोबड्या खेळाने दार लावून दाखवलं नसतं, तर ती हाकेची वाट बघत जिन्यापर्यंत गेली असती आणि जिना चढून वरही गेली असती, पाठ ताठ ठेवून.

आता आई निवृत्त झाली आहे. वसईतच असते. तिला काही विचारलं की ती 'हो' तरी म्हणते नाहीतर 'नाही' तरी, आणि साताऱ्याचे नातेवाईक त्याने बिचकतात. लग्नात कोणी जिलेबी घेऊन आलं की ती सरळ ताट पुढे करते. माझी मामी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं वसईला राहून अगदीच कशा झाल्या गं!"

सिस्टर फ्लोरांची बदली झाली ते वर्ष मला चांगलं आठवतं, कारण निघण्याआधी त्या पहिल्यांदाच आमच्या घरी आल्या. बॅगा भरून झाल्या होत्या. आईशी बोलता बोलता दोनदा डोळे पुसून झाले होते. स्वयंपाकघरात आईने पुरणपोळीचा घाट घातला होता, सगळ्या घराला वेलदोड्याचा वास येत होता. सिस्टर उठल्या, पर्स खांद्याला लावली. आई दारात आडवी उभी राहिली. "सिस्टर, जेवून जा."

"नको, नको," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला त्रास कशाला?"

आईचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत तिला ठाऊक झालं होतं, ही बाई एकदाच बोलते आणि तेच तिच्या मनात असतं. ती दारातून बाजूला झाली. "बरं," म्हणाली. "पोहोचलात की फोन करा."

पण सिस्टर हलल्या नाहीत. पर्स खांद्याला लावून तिथेच उभ्या राहिल्या आणि आईकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मिसेस जगताप, हे माझं पहिलं होतं."